एका बाजूच्या कागदांतून दुसरी बाजू कशी वाचावी: सिडनी, १७८८ ते १७९१

मी मूळची वाईची. पुण्याला आल्यावर मोडी शिकले आणि पुढे बरीच वर्षं पेशवे दफ्तरातल्या रुमालांमधले कागद वाचण्यात गेली. आता मुलीकडे सिडनीत राहते. इथे नातवाला शाळेत गोऱ्यांच्या आणि इथल्या मूळच्या लोकांच्या पहिल्या भेटींवर प्रकल्प लिहायचा होता. तो म्हणाला, "आजी, तुला जुने कागद वाचता येतात ना? मग हेही वाच." त्याच्याबरोबर वाचायला बसले ते आज दोन वर्षं झाली तरी सुटलेलं नाही. ज्या मराठी घरांत मुलांना हाच धडा आहे, किंवा जे सिडनीला येऊन ऑपेरा हाऊससमोर फोटो काढून परततात, त्यांच्यासाठी माझी रीत लिहून ठेवते.

आधी एक फरक समजून घ्या. त्याच सुमारास, १७८६ पासून, चार्ल्स मॅलेट हा इंग्रज रेसिडेंट पुण्याच्या दरबारी होता. तो आपल्या वरिष्ठांना पत्रं लिहीत होता आणि इकडे नाना फडणवीसांचे कारकूनही लिहीत होते. एकाच घटनेचे दोन्हीकडचे कागद समोरासमोर ठेवता येतात. सिडनीत तसं होत नाही. २६ जानेवारी १७८८ ला इंग्लंडहून अकरा जहाजांमधून आलेली माणसं, म्हणजे कैदी आणि त्यांच्यावरचे अधिकारी-शिपाई, वसाहत करायला इथे उतरली. त्यांच्यातले अधिकारी रोज लिहीत होते. किनाऱ्यावरच्या लोकांकडे गाणी होती, खडकावर कोरलेली चित्रं होती, पिढ्यान् पिढ्यांची आठवण होती. शाई मात्र नव्हती. म्हणून त्यांचं बोलणं शोधायचं तर ते आधी समोरच्याच्याच शाईत शोधावं लागतं. ते तिथे आहे, आणि मला वाटलं होतं त्याहून बरंच जास्त आहे.

नावं आधी लिहून घ्या

वहीच्या पहिल्या पानावर नावं लिहा. 'आदिवासी' हा शब्द सोपा पडतो, पण तो उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे वारली-कातकरी येतात आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. अधिकाऱ्यांच्या वृत्तांतात 'नेटिव्ह' येतो, आणि वॉटकिन टेंच हा सैनिकी अधिकारी तर सरळ 'इंडियन' लिहितो. आपल्या मुलांचा तिथे हमखास गोंधळ होतो. ते 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, हे त्यांना आधीच सांगा.

त्याऐवजी कुळाचं नाव घ्या. सिडनीच्या बंदराच्या दक्षिण काठावर गडिगल, उत्तर काठावर कॅमरेगल, नदीने पश्चिमेकडे गेलं की वांगल, आणि बंदराच्या दक्षिणेकडच्या बॉटनी बे या खाडीच्या दक्षिणेला ग्वीगल. शेवटचा 'गल' म्हणजे त्या ठिकाणची माणसं. वाईचा तो वाईकर, तशीच ही घडण. 'इओरा' हा शब्द या सगळ्यांसाठी वापरतात, आणि त्याचा अर्थ नुसता 'माणसं' असा आहे. नावांची स्पेलिंगं पानागणिक बदलतात, त्याला घाबरू नका. त्या भाषेत क आणि ग, प आणि ब, त आणि द यांत अर्थाचा भेद नाही, म्हणून ऐकणाऱ्याने कधी 'कडिगल' लिहिलं, कधी 'गडिगल'. माणसं तीच.

तारखांचं एक पान करा

मोडी वाचताना आमचे गुरुजी पहिल्यांदा मिती विचारायचे. इथेही तेच. एका कागदावर तारखा खालोखाल मांडा, आणि मग शाळेच्या पुस्तकात जे 'अचानक' घडलं म्हणून दिलेलं असतं, ते अचानक घडलेलं नाही हे आपोआप दिसतं.

सगळ्यांत स्वच्छ उदाहरण ७ सप्टेंबर १७९० चं. त्या दिवशी बंदराच्या तोंडाजवळच्या मॅनलीच्या किनाऱ्यावर वसाहतीचा गव्हर्नर आर्थर फिलिप याला भाला लागला. एवढंच वाचलं तर वाटतं, हात पुढे करून मैत्री करायला गेलेल्या माणसावर कुणीतरी उगाच वार केला. आता पान वर सरकवा. ३१ डिसेंबर १७८८: मॅनलीहून अराबानू या माणसाला फिलिपच्या हुकमाने जबरदस्तीने पकडून आणलं, का तर त्याला इंग्रजी शिकवून दुभाषा करायचा होता. एप्रिल १७८९: देवीची साथ. बंदराच्या खाडीखाडीत प्रेतं सापडू लागली. अराबानूला त्याच्या माणसांचा शोध घ्यायला नेलं, तेव्हा ओसाड किनारे पाहून तो "सगळे मेले, सगळे मेले" असं म्हणाला, हे वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स याने लिहून ठेवलं आहे. १८ मे १७८९ ला तोही त्याच रोगाने गेला. २५ नोव्हेंबर १७८९: पुन्हा मॅनली. या वेळी मासे दाखवून बोलावलं आणि बेनेलाँग व कोलबी या दोघांना बांधून नेलं. कोलबी काही दिवसांतच पळाला, बेनेलाँग १७९० च्या मे महिन्यात. आणि चार महिन्यांनी, त्याच किनाऱ्यावर, भाला.

त्या दिवशी किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या मांसावर लोक जमले होते. बेनेलाँगने देवमाशाचा एक तुकडा भेट म्हणून फिलिपकडे पाठवला, आणि फिलिप होडीने आला. बोलणं झालं, विचारपूस झाली. मग विलेमेरिंग नावाच्या माणसाने फेकलेला भाला फिलिपच्या गळ्याच्या हाडाजवळून शिरून पाठीतून बाहेर आला. मारायचंच असतं तर एवढ्या जमावात अडवणारं कोण होतं? कित्येक अभ्यासक याला त्या लोकांच्या कायद्याप्रमाणे झालेली भरपाई मानतात: माणसं पळवलीत, त्याचा हिशेब चुकता. मलाही तेच पटतं, कारण त्यानंतर काय झालं ते पाहा. फिलिपने सूड घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि काही आठवड्यांत बेनेलाँग आपल्या पायांनी वसाहतीत आला, या वेळी बेडीशिवाय.

क्रियापदाखाली रेघ मारा

नातवाला मी रंगीत पेन्सिली दिल्या. गोऱ्यांनी केलेल्या क्रियेखाली निळी रेघ, इथल्या लोकांनी केलेल्या क्रियेखाली लाल. पहिल्या चार ओळींतच त्याच्या लक्षात आलं की लेखक आपल्या माणसांच्या कामाला सौम्य क्रियापद देतो. 'पळवलं' नाही, 'मिळवलं' म्हणतो. पण प्रत्येक जण तसा नाही, तेही टिपा. बेनेलाँग-कोलबीला पकडणाऱ्या विल्यम ब्रॅडली या नौदल अधिकाऱ्याने स्वतःच लिहिलं आहे की आजवर दिलेल्या हुकमांमध्ये इतकं नकोसं काम दुसरं नव्हतं.

आणि लाल रेघा जिथे दाट होतात तिथे थांबा. १७९१ मध्ये एका कैद्याने कोलबीच्या बायकोचं, दारिंगाचं, मासेमारीचं सामान चोरलं. त्याला सर्वांसमोर फटके मारायचे आणि इथल्या लोकांनी ते पाहावं, म्हणजे त्यांना इंग्रजी न्याय कळेल, असा बेत होता. टेंच लिहितो की दारिंगा रडू लागली, आणि बेनेलाँगची बायको बरांगारू संतापून काठी उचलून फटके मारणाऱ्यावरच धावली. चोरी झाली होती तिच्याच लोकांची! तरीही बांधलेल्या माणसाला मारणं तिला मंजूर नव्हतं. टेंच हे त्यांच्या कोवळ्या मनाचं लक्षण म्हणून सांगतो. मला त्यात न्यायाची दुसरी कल्पना दिसते. त्यांच्या शिक्षेत भाल्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाला निदान ढाल धरता येते. हा माझा अर्थ आहे. पण तिने काय केलं ते टेंचने लिहिलं आहे, आणि कृती खोडता येत नाही.

डॉजच्या वह्या: मोठ्याने वाचा, देवनागरीत वाचा

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग. विल्यम डॉज हा नौदलाच्या सैन्यातला लेफ्टनंट आणि खगोलाचा जाणकार. आज ज्याला डॉज पॉइंट म्हणतात त्या टोकावर त्याची वेधशाळा होती. त्या टोकाचं जुनं नाव तारा. तिथे तो इथल्या लोकांची भाषा शिकला, आणि ती शिकवणाऱ्यांत पाट्येगरांग ही पंधरा-एक वर्षांची मुलगी मुख्य होती. १७९०-९१ च्या त्याच्या छोट्या वह्या लंडनच्या एका विद्यापीठ-ग्रंथालयात आहेत आणि त्यांची पानं इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात.

आपला एक फायदा आहे तो वापरा. त्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीलाच ङ येतो. इंग्रजी लिपीत त्यासाठी अक्षर नाही, म्हणून डॉजने n ला शेपटी जोडून वेगळं अक्षर केलं. आपल्याकडे ते बाराखडीत बसलेलंच आहे. नातू नेहमी म्हणायचा, "आजी, 'वाङ्मय' सोडून हे अक्षर कुठे लागतं?" आता त्याला कळलं. 'ङाया' म्हणजे मी, 'ङ्यिनी' म्हणजे तू. आधी 'रंग', 'अंग' म्हणताना अनुस्वाराशी जीभ कुठे टेकते ते पाहा, मग तेवढाच आवाज शब्दाच्या आधी काढा. दोन-तीन दिवसांत जमतो.

भाषा आपल्या वळणाची वाटेल. 'मी पाहीन' हे मराठीत एका 'पाहीन'मध्ये मावतं. तिथेही धातूला प्रत्यय लागून काळ आणि करणारा दोन्ही एकाच शब्दात येतात. आणि नामाला मागून प्रत्यय लागतात.

आता १७९१ मधलं हे पान. कुणा गोऱ्या माणसाला वाटेत जखमी केलं होतं. डॉज विचारतो, असं का केलं? पाट्येगरांग म्हणते, "गुलारा." रागावलेत म्हणून. डॉज: "मिन्यिन गुलारा इओरा?" माणसं का रागावलीत? ती सांगते: "इन्याम ङालवी" आणि पुढे गोऱ्यांचं नाव. गोरी माणसं इथे येऊन राहिली म्हणून. मग ती आपणहून पुढे सांगते, "त्येरुन कॅमरेगल." कॅमरेगल घाबरलेत. "मिन्यिन?" का?

"गनिन."

हा शब्द फोडून पाहा. 'गन' हा इंग्रजीतला, तीन वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर आलेला. 'इन' हा तिच्या भाषेतला, अर्थ 'मुळे'. बंदुकांमुळे. आपण 'मोबाइलमुळे', 'ट्रेनने' म्हणतो, तसंच तिने परका शब्द घेतला आणि त्याला घरचा प्रत्यय लावला. ज्या वस्तूची भीती, तिचं नाव समोरच्याकडून घ्यावं लागलं. पण भीतीचं कारण सांगण्याचं व्याकरण तिचंच राहिलं. पेशवे दफ्तरात इतका आखूड आणि इतका पूर्ण जबाब मी वाचलेला नाही. नातवाने तो शब्द वहीत देवनागरीत लिहिला आणि 'गन' निळ्या, 'इन' लाल पेन्सिलीने रंगवला. मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्याच वह्यांमध्ये 'पुतुवा' हे क्रियापद आहे: विस्तवाशी आपला हात शेकायचा आणि मग दुसऱ्याची बोटं हळूच दाबायची. हा अर्थ करून दाखवल्याशिवाय कळणारच नाही, म्हणजे कुणीतरी डॉजची गार बोटं हातात घेतली होती. आणि हेही आहे: डॉज तिला म्हणाला, वारंवार आंघोळ केलीस तर गोरी होशील. ती टॉवेल फेकून देत म्हणाली, "त्येराबार्बोवार्याऊ." मी गोरी होणार नाही. डॉजने लिहिलं, हताशपणे फेकला. हताशपणे की वैतागून, ते तुम्ही ठरवा. शब्द तिचे आहेत, 'हताशपणे' हा त्याचा आहे. दोन्ही वेगळे ठेवायला मुलांना शिकवा.

डॉजबद्दल एवढंच सांगते की डिसेंबर १७९० मध्ये फिलिपचा शिकारी मॅकिन्टायर बिडजिगल कुळातल्या पेमुलवुयच्या भाल्याने जखमी झाला, तेव्हा फिलिपने सुडाची तुकडी काढली. सहा माणसं पकडून आणा, नाही जमलं तर मारा, असा अखेरचा हुकूम होता; पहिला याहून कठोर होता. डॉजने आधी जायला नकार दिला, मग गेला, आणि नंतर गेल्याचा पश्चात्ताप बोलून दाखवला. तुकडीच्या हाती कुणीच लागलं नाही. पुढच्या डिसेंबरात तो इंग्लंडला परतला.

ओळखीचा नाद आणि तयार अर्थ

इंग्रज दर्यावर्दी जेम्स कूक या सगळ्याच्या आधी, २९ एप्रिल १७७० ला, बॉटनी बेत उतरत असताना दोन ग्वीगल पुरुष भाले घेऊन आडवे आले आणि ओरडले, "वारा वारा वाई." मी वाईची, मला ते ऐकून केवढं आपलं वाटलं! पण नादाच्या सारखेपणावर अर्थ लावू नका. पुस्तकांतून त्याचा अर्थ 'निघून जा' असा देत आले. बॉटनी बेच्या काठावरच्या ला पेरूजला राहणारे त्यांचे वंशज सांगतात की त्याचा अर्थ 'हे सगळे मेलेले आहेत' असा होतो, म्हणजे ही पांढरी माणसं भुतं आहेत. कूकने गोळीबार केला, एक जण जखमी झाला, आणि झोपड्यांमधून चाळीस-पन्नास भाले उचलून नेले. त्यांतले चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात होते. २०२४ मध्ये ते वंशजांना परत मिळाले. तेव्हा अर्थ विचारायला माणसं आहेत. कागदाशी अडलात तर त्यांचं म्हणणं आधी शोधा.

कांगारूचीही तीच गत. 'मला कळत नाही' असा त्याचा अर्थ असल्याची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असते. ती खोटी आहे. 'गंगुरू' हा उत्तरेकडच्या गुगु यिमिथिर भाषेतला, एका जातीच्या कांगारूचा खराखुरा शब्द. गंमत अशी की सिडनीच्या लोकांची भाषा वेगळी असल्यामुळे त्यांना तो इंग्रजीच शब्द वाटला, आणि कुत्रा सोडून दाखवाल त्या जनावराला ते 'कांगारू' म्हणू लागले, असं टेंच लिहितो.

नात्याच्या शब्दाला थांबा

पुन्हा जवळीक झाल्यावर बेनेलाँग फिलिपला 'बियंगा' म्हणजे वडील म्हणे, आणि स्वतःला 'दुरू' म्हणजे मुलगा. इंग्रज वाचकाला यात लडिवाळपणा दिसला. मानलेलं नातं म्हणजे काय हे आपल्याला सांगावं लागत नाही. मानलेला भाऊ हा राखी बांधून घेण्यापुरता नसतो, पुढे त्याच्यावर देणं-करणं येतं. वडील म्हटलं की त्यांच्या घरी जेवण हक्काचं. फिलिपने त्याला आज ऑपेरा हाऊस आहे त्या टोकावर विटांची बारा फूट चौरस खोली बांधून दिली, ती भीक नव्हती. निदान घेणाऱ्याच्या लेखी नव्हती.

जागेवर जा

शक्य असेल तर एक दिवस काढा. सर्क्युलर कीहून मॅनलीची फेरी सकाळी घ्या, अर्धा तास लागतो. जखमी फिलिपला घेऊन वल्ही मारत परत यायला दोनेक तास लागले होते. फेरीत बसून ते अंतर डोळ्यांनी मोजा. दुपारी परत येऊन पुलाखाली डॉज पॉइंटला चालत जा आणि 'गनिन'चं पान तिथे वाचा. समोरचा उत्तर किनारा तो कॅमरेगलांचा. मग म्युझियम ऑफ सिडनीच्या अंगणात जा. फिलिपचं घर तिथे होतं आणि त्याने अराबानूला आपल्याच बागेत पुरलं होतं. अंगणात २९ खांबांचं शिल्प आहे. त्यातून इथल्या भाषेतली नावं ऐकू येतात, पण कान जवळ न्यावा लागतो.

शेवटी हे पत्र वाचा

बेनेलाँग १७९२ च्या डिसेंबरात फिलिपबरोबर विलायतेला गेला. बरोबरचा तरुण येमेरावानी तिकडेच वारला. बेनेलाँग १७९५ मध्ये परतला आणि २९ ऑगस्ट १७९६ ला त्याने तिकडच्या ओळखीच्या गृहस्थांना पत्र लिहवून घेतलं. मूळ पत्र उरलेलं नाही, नक्कल आहे. इतके दिवस दुसऱ्याच्या वहीतून ऐकलेला माणूस इथे पहिल्यांदा स्वतःच्या नावाने बोलतो, म्हणून हे शेवटीच वाचा.

मी बरा आहे, तुम्हीही बरे असाल, अशी सुरुवात आहे. 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे' हे हजारदा वाचलेली मी तिथेच थबकले. मग तो सांगतो की बायको दुसऱ्याने नेली, गव्हर्नरकडे रोज जेवतो. बाईसाहेबांनी आजारपणात शुश्रूषा केली त्याचे आभार मानतो, विसरू नका म्हणतो, आणि मोज्यांचे दोन जोड पाठवायला सांगतो. त्यात एक ओळ आहे, ती नातवाने आपल्या प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर मराठीत उतरवली: मी आता इंग्लंडला जाणार नाही, मी आता घरी आहे.